घराचं ड्रेनेज महापालिकेच्या वाहिनीला जोडताना: आधी लेव्हल, मग अर्ज

प्रश्न असा आहे: पुणे महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावातलं, ग्रामपंचायतीच्या काळात बांधलेलं दुमजली घर. मागच्या बाजूला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. आता समोरच्या रस्त्यात ड्रेनेज लाईन पडली आहे आणि जोडणी घ्या असं क्षेत्रीय कार्यालयाकडून सांगणं आलं आहे. जोडणी घ्यावीच लागते का, परवानगी कशी काढायची, कामात काय पाहायचं आणि जुन्या टाकीचं काय करायचं?

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्याला जोडली गेली, त्यामुळे हा प्रश्न असणारी घरं भरपूर आहेत. बहुतेक जण पहिला फोन प्लंबरला आणि दुसरा नगरसेवकाला करतात. त्याआधी एक काम करा: रस्त्यातल्या चेंबरची खोली आणि तुमच्या अंगणाची पातळी मोजून घ्या. अर्ज, शुल्क, पाईप, सगळं नंतर. लेव्हल बसत नसेल तर मंजुरी हातात असूनही घाण पाणी वाहणार नाही.

आधी कायद्याचं. पुण्यासह मुंबईबाहेरच्या महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, मुंबईला 1888 चा स्वतंत्र अधिनियम, नगरपरिषदांना 1965 चा. जोडणीबाबत तिन्हींचा गाभा सारखा आहे. सार्वजनिक मलवाहिनीत सांडपाणी सोडायचा मालकाला हक्क आहे, पण परवानगी घेऊन आणि सांगितलेल्या पद्धतीनेच. उलट बाजूने, जवळ वाहिनी असताना मिळकतीचा निचरा नीट होत नसेल तर जोडणी करायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. मुंबईच्या अधिनियमात कलम 231 मध्ये यासाठी 100 फुटांचं अंतर दिलं आहे. म्हणजे "आमची टाकी व्यवस्थित चालते, आम्हाला नको" हे उत्तर नोटिशीपुढे फार टिकत नाही. परवानगीविना केलेली जोडणी मात्र पालिका कधीही तोडू शकते आणि तोडण्याचा खर्चही मालकाकडून वसूल करू शकते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मिळकत कराच्या बिलात मलनिस्सारणाशी संबंधित कराची ओळ असते. ती भरली म्हणजे घर जोडलेलं आहे असं नाही. तो कर आहे, जोडणीची नोंद वेगळी असते. जुनी मिळकत विकत घेणाऱ्यांनी ती नोंद स्वतंत्रपणे मागावी.

दुसरी खातरजमा: रस्त्यातली लाईन चालू आहे का? नव्या भागात गल्लीतली लाईन आधी पडते आणि पुढची मुख्य वाहिनी किंवा शुद्धीकरण केंद्र मागाहून होतं. मधल्या काळात लोक घाईने जोडण्या करतात. मग मैला पाईपमध्ये साचून राहतो, नाहीतर शेवटच्या चेंबरमधून ओढ्यात जातो. कनिष्ठ अभियंत्यांना सरळ विचारा की ही लाईन पुढे कुठे मिळते आणि कार्यान्वित झाली आहे का. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. लाईन चालू नसेल तर सेप्टिक टँक सुरूच ठेवा, पण अंगणातली नवी लाईन योग्य पातळीवर टाकून शेवटचं टोक बंद करून ठेवायला हरकत नाही.

आता लेव्हल. पालिकेच्या चेंबरच्या दोन गोष्टी हव्यात: झाकणापासून पाईपच्या आतल्या तळापर्यंतची, म्हणजे इन्व्हर्टपर्यंतची, खोली आणि मुख्य पाईपचा व्यास. दोन्ही विभागाच्या नकाशावर असतात. नसतील तर पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून झाकण उघडवून वरूनच पट्टी सोडून मोजून घ्या. स्वतः झाकण उघडून आत वाकू नका. मग पारदर्शक लेव्हल पाईपने किंवा ऑटो लेव्हलने (मोजणीच्या दुर्बिणीने) झाकण, अंगण आणि घराचं जोतं यांची एकमेकांशी पातळी घ्या.

उदाहरण घेऊ. चेंबरची खोली 1.35 मीटर, मुख्य पाईप 300 मि.मी. तुमचा पाईप 150 मि.मी. आत येताना दोन्ही पाईपांच्या माथ्याची पातळी एक ठेवायची, तळाची नाही. तळाला तळ जुळवला तर मुख्य पाईप अर्धा भरला की तुमच्या पाईपमध्ये पाणी मागे चढतं आणि मैला तिथेच बसतो. म्हणून मुख्य पाईपचा माथा 1.05 मीटरवर, आणि तुमच्या पाईपचा तळ 1.20 मीटरवर. तिथून संडासाच्या सर्वात लांबच्या चेंबरपर्यंत 24 मीटर अंतर आहे. 60 ला 1 उतार (60 मीटर लांबीला 1 मीटर) धरला तर 40 सें.मी. चढ लागेल, म्हणजे तिथे तळ रस्त्याच्या झाकणापेक्षा 80 सें.मी. खाली. मधल्या तीन चेंबरमध्ये प्रत्येकी 25 मि.मी.ची पायरी धरा, उरले साधारण 72 सें.मी. अंगण रस्त्यापेक्षा 20 सें.मी. खाली असेल (वारंवार काँक्रिटीकरण झालेल्या गल्ल्यांत हे नेहमीचंच आहे), तर अंगणापासून खोली 52 सें.मी. पाईपवर जेमतेम 36 सें.मी. माती राहते. चालण्याच्या जागेत हे चालतं. गाडी उभी राहणार असेल तर पाईपला भोवती काँक्रीट हवं. हेच अंगण रस्त्यापेक्षा 50 सें.मी. खाली असतं तर पाईप जवळजवळ वरच आला असता.

उताराचे आकडे लक्षात ठेवा. साइटवर 100 मि.मी. पाईपला 40 ला 1 आणि 150 मि.मी.ला 60 ला 1 हे प्रमाण वापरतात. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्याप्रमाणे, सेकंदाला 0.75 मीटर वेग मिळण्यासाठी किमान उतार 100 मि.मी. पाईपला 57 ला 1 आणि 150 मि.मी.ला 100 ला 1 इतका आहे. जागा अडत असेल तेव्हाच या किमान आकड्याकडे जा. वरच्या उदाहरणात त्यामुळे 16 सें.मी. वाचतात, पण मग पाईप टाकताना दोरी आणि लेव्हलमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचीही ढिलाई चालत नाही.

उलट चूकही तितकीच होते. घर उंचावर असेल तर पाईप थेट घसरगुंडीसारखा सोडतात, "जितका उतार जास्त तितकं चांगलं" म्हणून. वेग फार वाढला की पाईप आणि चेंबरची झीज होते आणि प्रवाह चेंबरमधून बाहेर उसळतो. सेकंदाला 2.4 मीटरच्या वर वेग जाऊ देऊ नये. पातळीतला फरक 60 सें.मी.पेक्षा जास्त असेल तर उतार नेमका ठेवून ड्रॉप चेंबर करा: पाणी चेंबरच्या बाहेरून उभ्या पाईपने खाली उतरवायचं आणि वर सफाईसाठी तोंड ठेवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी: घरातली सर्वात खालची नहाणी किंवा संडास रस्त्यातल्या चेंबरच्या झाकणापेक्षा वर आहे ना? मुख्य लाईन तुंबली की पाणी सर्वात खालच्या उघड्या तोंडातून बाहेर येतं. ते तोंड रस्त्यावरचं झाकण असावं, तुमची मोरी नव्हे. तळघरातली वॉचमनची शौचालयं यात हमखास सापडतात. अशा ठिकाणी खालच्या मजल्याचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन कटर पंपाने (मैला कापून ढकलणाऱ्या पंपाने) उचलायचं आणि पंपाच्या लाईनवर पाणी मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. नुसता व्हॉल्व्ह बसवून भागवू नका: तो बाहेरचं पाणी अडवतो तेव्हा घरातलंही अडवतो, आणि वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली की ते पाणी तळमजल्यावर येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या ड्रेनेज विभागात. मालकीचा पुरावा (सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीखत), मिळकत कराची चालू पावती, असल्यास बांधकाम परवानगी व भोगवटा पत्र, सोसायटी असेल तर ठराव, हमीपत्र, आणि परवानाधारक प्लंबरच्या सहीचा नकाशा. नकाशात घर, चेंबर, पाईपचा व्यास, उतार आणि इन्व्हर्ट हवेत. वरची मोजणी आधी केलेली असेल तर हा नकाशा तासाभराचं काम आहे. नसेल तर प्लंबर अंदाजे आकडे टाकतो आणि तिथूनच चूक कायम होते. जागेची पाहणी होते, मग जोडणी शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क भरायचं. रस्ता खोदायची परवानगी वेगळी असते, मोठ्या रस्त्याला वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्रही. पावसाळ्यात खोदाई बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतर अर्ज करून उन्हाळ्याआधी काम संपवणं सोयीचं. खोदण्याआधी पाण्याची लाईन, वीज केबल आणि गॅस पाईप कुठून गेलेत ते विचारून घ्या. पिण्याच्या पाण्याची लाईन आणि ड्रेनेज एकाच चरात टाकू नयेत. जागा असेल तिथे तीन मीटरचं अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर पाण्याची लाईन वर, ड्रेनेज खाली.

पाईप निवडताना दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. भिंतीवरून उतरणारा एसडब्ल्यूआर पाईप (आयएस 13592) जमिनीखाली खोल गाडण्यासाठी नाही. जमिनीतल्या ड्रेनेजसाठी यूपीव्हीसीचा वेगळा पाईप मिळतो, आयएस 15328 चा: अंगणात एसएन 4, गाडी जाते तिथे आणि रस्त्यात एसएन 8 (एसएन म्हणजे पाईपच्या कडकपणाची प्रत). प्लास्टिकच्या पाईपचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, म्हणून 150 च्या जागी 160 मागायचा. काम रस्त्याच्या टोकापासून वर चढत करायचं, सॉकेटचं तोंड नेहमी चढाकडे. चराच्या तळाला 100 मि.मी. वाळू किंवा बारीक मुरूम. काळ्या मातीत पाईप थेट ठेवला तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाईपमध्ये पोट पडतं. त्या पोटात मैला साचतो, आणि कितीही वेळा सळई मारली तरी महिन्याभरात पुन्हा तुंबतं. तिथे काळी माती काढून मुरूम भरणं हाच उपाय. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर कडांना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय मजुराला आत उतरवू नये. ओली काळी माती ढासळायच्या आधी इशारा देत नाही.

चेंबर प्रत्येक वळणावर, प्रत्येक जोडावर आणि उतार बदलतो तिथे. 90 सें.मी. खोलीपर्यंत आतून 900 बाय 800 मि.मी., त्यापुढे अडीच मीटरपर्यंत 1200 बाय 900. जागा नाही म्हणून दीड फुटाचं चेंबर बांधतात आणि मग त्यात ना सळई वळते ना जेटिंगची (जोरदार पाणी मारून सफाईची) नळी. तळात अर्धगोल चॅनेल, दोन्ही बाजूंना पाईपच्या माथ्यापर्यंत बेंचिंग (चॅनेलकडे उतरती काँक्रीटची भर), आतून गुळगुळीत प्लास्टर. बेंचिंग सपाट ठेवलं तर मैला तिथेच वाळून बसतो. बाजूची लाईन प्रवाहाच्या दिशेने वळवून आणायची, समोरासमोर आदळवायची नाही. झाकणावर प्रत छापलेली असते: अंगणात एलडी 2.5 (हलकी), पार्किंगला एमडी 10 (मध्यम), रस्त्याला एचडी 20 (जड) किंवा त्यावरची.

संडासाचा पाईप थेट चेंबरमध्ये येतो. मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी मात्र गली ट्रॅपमधून (पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या तोंडातून) आणायचं, म्हणजे वास आणि झुरळं परत घरात येत नाहीत. ट्रॅपमध्ये किमान 50 मि.मी. पाणी उभं राहायला हवं. गली ट्रॅपची कड जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवा, नाहीतर अंगणातलं पावसाचं पाणी त्यातच शिरतं. संडासाच्या उभ्या पाईपचं वरचं टोक गच्चीच्या वर नेऊन काउल (जाळीची टोपी) बसवा. ते बंद असेल तर वरच्या फ्लशबरोबर खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि बाथरूममध्ये वास सुरू होतो. शेवटच्या चेंबरमध्ये इंटरसेप्टर ट्रॅप (रस्त्यातल्या लाईनचा वायू अडवणारा) लावायला सांगितला तर लावा, पण त्याचं सफाईचं तोंड साखळीने अडकवलेल्या झाकणासह घ्या. ते झाकण खाली पडून ट्रॅपच बंद होणं हा या ट्रॅपचा ठरलेला आजार आहे.

मुख्य लाईनला जोड पालिकेच्या माणसांनी किंवा त्यांच्या देखरेखीखालीच व्हावा, आणि शक्यतो चेंबरमध्ये. दोन चेंबरच्या मध्ये तुमचं घर असेल तर नवीन चेंबर बांधून मागा, किंवा त्या पाईपसाठी बनवलेलं सॅडल (पाईपवर घट्ट बसणारा जोडतुकडा). घणाने आरसीसी पाईपला भोक पाडून त्यात प्लास्टिकचा पाईप खुपसायचा आणि भोवती सिमेंट थापायचं हा प्रकार दिसला तर काम थांबवा. आत शिरलेल्या टोकाला चिंध्या आणि पिशव्या अडकतात, फोडलेल्या कडेतून माती आत येते, आणि काही महिन्यांत रस्ता तिथे खचतो.

छताचं पाणी ड्रेनेजला जोडू नका. इथे मी कुठलीही सूट देणार नाही, नियमही देत नाहीत. पाच जणांच्या घरात माणशी 135 लिटर पाणी धरलं आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी झालं तर दिवसाला 540 लिटर होतात. 100 चौरस मीटर छतावर तासाला 50 मि.मी. पाऊस पडला तर एका तासात 5,000 लिटर. म्हणजे एका सरीत नऊ दिवसांचं सांडपाणी. गल्लीतल्या वीस घरांनी हे केलं की जुलैमध्ये सखल बाजूच्या घरात मैला शिरतो, आणि तिथे राहणाऱ्याचा काहीही दोष नसतो. छताचं पाणी पुनर्भरण खड्ड्यात किंवा पावसाळी गटारात. आधीच जोडलेलं असेल तर या कामात ते तोडून घ्या.

आता सेप्टिक टँक. पुष्कळ जण टाकी तशीच ठेवून तिच्या बाहेर जाणाऱ्या पाईपला रस्त्याची लाईन जोडतात, कारण तेवढ्यात भागतं. तसं करू नका. टाकीत गाळ साठत राहतो, काढला नाही की घट्ट गाळाचा लोंढा लाईनमध्ये जातो, आणि कुजलेल्या पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड पुढच्या काँक्रीटच्या चेंबरना खातो. संडासाची लाईन टाकीला वळसा घालून थेट नव्या चेंबरला न्या. मग टाकी सक्शन गाडीने रिकामी करा, चुना टाका, तळाला भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि मुरूम थरांत दाबून भरा. वर काँक्रीटचा थर. शोषखड्डाही तसाच भरा. पोकळ ठेवलेल्या टाकीचा स्लॅब कधीतरी गाडीखाली बसतो.

ती भोकं पाडायला माणूस आत उतरवू नका. स्लॅब फोडून टाकी पूर्ण उघडी करा आणि ब्रेकर वरून चालवा. रिकामी दिसणाऱ्या टाकीतही वायू असतो, आणि एकाला बाहेर काढायला उतरलेला दुसराही आत कोसळतो. हाताने मैला सफाई बंद करणाऱ्या 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये अशा धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तो स्वतःच उतरला" ही सबब मालकाला वाचवत नाही. गटारात मृत्यू झाल्यास किमान 30 लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला.

चर बुजवण्याआधी तपासणी. खालचं टोक बंद करा, वरच्या टोकाला उभा पाईप लावून दीड मीटरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर कुठला तरी जोड गळतो आहे. मग पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा 13 मि.मी.ने लहान गुळगुळीत गोळा वरून सोडा, तो न अडकता खाली यायला हवा. एका चेंबरमध्ये बॅटरी आणि दुसऱ्यात आरसा धरला तर सरळ टाकलेल्या पाईपचं पूर्ण वर्तुळ दिसतं. चंद्रकोर दिसली तर पोट आहे. उघड्या चराचे फोटो टेपसह काढून ठेवा आणि चेंबरची अंतरं लिहून ठेवा. साधारणपणे पालिकेच्या चेंबरपर्यंतच्या लाईनची देखभाल मालकाकडेच असते, रस्त्याखालच्या तुकड्याचीसुद्धा. पुढे रस्त्यावर डांबराचा थर चढला की ते फोटोच उपयोगी पडतात.

घरात खानावळ, हॉटेल किंवा गॅरेज असेल तर नियम कडक होतात. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्याला तेल-ग्रीस लिटरला 20 मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) 350, पाण्यातले न विरघळलेले घन कण 600 आणि सामू (पीएच) 5.5 ते 9 अशी मर्यादा आहे. स्वयंपाकघराच्या लाईनवर ग्रीस ट्रॅप लावा आणि तो दर आठवड्याला साफ करा, कारण भरलेला ट्रॅप काहीच अडवत नाही. गॅरेजच्या धुण्याच्या पाण्याला ऑइल ट्रॅप लागतो.

शेवटचा मुद्दा, जो मागच्या ओळीतल्या घरांना हमखास येतो: रस्त्यापर्यंत जायला शेजाऱ्याच्या जागेतूनच वाट असेल तर? आधी लेखी संमती घ्या, नकाशासह, आणि त्यात दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क स्पष्ट लिहा. संमती मिळत नसेल तर कायद्यात आयुक्तांकडे अर्ज करायची सोय आहे. दोन्ही बाजू ऐकून ते मार्ग ठरवून देऊ शकतात, खर्च आणि नुकसानभरपाई मात्र लाईन नेणाऱ्याची. चार-पाच घरांनी मिळून एकच 160 मि.मी. लाईन नेली तर रस्ता एकदाच खोदला जातो आणि खर्च वाटला जातो. तेव्हा प्रत्येक घराचा जोड स्वतंत्र चेंबरमध्ये घ्या, म्हणजे तुंबलं तर कुणाच्या बाजूने ते पाहता येतं, आणि सफाईचा वाटा किती व कोणी माणूस बोलवायचा हे लागू असेल त्या मुद्रांकावर आधीच लिहून घ्या.